सागरशाळेचे पहिले सत्र

पुस्तकाविषयीचे आपले मत कालांतराने बदलले, तर त्यात वाचकाने लाजावे असे काही नाही. परंतु ते मत आपण दुसऱ्याच्या मुलाला आधीच देऊन बसलो असलो, आणि त्यावर विसंबून त्याने आपल्या आयुष्याची दिशा ठरविली असली, तर गोष्ट निराळी होते. जॉन मेसफील्डच्या ‘न्यू चम’ या पुस्तकाच्या बाबतीत आमची नेमकी अशी अवस्था झाली आहे, आणि आज त्याविषयी पुन्हा लिहावयास बसलो आहो ते यामुळेच.

प्रकार असा घडला. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा बारावीच्या वर्गात विज्ञान शिकत असता दर रविवारी आमच्याकडे येत असे. गणिताची वही मिटली की आमच्या कपाटातील पुस्तके चाळणे हा त्याचा छंद. एके दिवशी आम्ही त्याच्या हाती ‘न्यू चम’ दिले, आणि देताना, प्राध्यापकाच्या अंगी जो एक फुकटचा उदारपणा असतो त्याला अनुसरून, शाळेविषयी इतके प्रसन्न पुस्तक इंग्रजीतही विरळा, असे शिफारसपत्रही जोडले. तीन आठवड्यांनी बहीण आली ती तणतणतच. “दादा, तू त्याला काय वाचायला दिलंस? इंजिनिअरिंगचं नाव काढू देत नाही. बोटीवर जायचं म्हणतो!” आम्ही हसून वेळ मारून नेली. मुलाचा हट्ट मात्र हसण्यावारी जाण्यातला नव्हता.

या प्रसंगात एक गंमत आहे, ती मेसफील्डचे चरित्र ठाऊक असणाऱ्यास लगेच जाणवेल. मेसफील्डचा जन्म १८७८ सालचा. सहा वर्षांचा असता त्याची आई गेली, तेराव्या वर्षी वडील गेले. मुलगा सदा पुस्तकात डोके खुपसून बसतो हे त्याच्या मावशी-काकूंच्या पिढीस बरे लक्षण वाटत नव्हते. तेव्हा त्याची पालक असलेल्या वडीलधाऱ्या बाईने वाचनाचे हे खूळ निघून जावे म्हणून त्यास लिव्हरपूलच्या ‘कॉनवे’ या शिक्षण-जहाजावर धाडले. तिकडे पुस्तकाचे वेड जावे म्हणून मुलगा समुद्रावर गेला. इकडे पुस्तकाच्या वेडाने मुलगा समुद्रावर निघाला. दोन्ही घरच्या वडील माणसांचा हिशेब सारखाच चुकला.

‘कॉनवे’ ही संस्था १८५९ साली निघाली. व्यापारी जहाजांवर अधिकारी व्हावयाचे तर मुलांस लहानपणीच जहाजावर ठेवून शिकविले पाहिजे, ही तिच्या मागची कल्पना. मेसफील्ड ज्या जहाजावर शिकला ते मुळात ‘नाइल’ नावाचे, १८३९ साली पाण्यात सोडलेले लाकडी युद्धजहाज. तोफांचे दिवस संपल्यावर त्यास नवे नाव देऊन मर्सी नदीच्या पात्रात नांगरून ठेविले होते. शाळा म्हणजे दगडी इमारत, पटांगण आणि घंटा, ही आपली समजूत. येथे पायाखालची जमीनच भरती-ओहोटीबरोबर खालीवर होते, झोपावयाचे ते छताला टांगलेल्या झोळीत, आणि पटांगणाच्या जागी तीन डोलकाठ्या. १८९१ च्या सप्टेंबरात तेरा वर्षांचा पोरका मुलगा या जहाजावर चढला, तेथून त्याचे पहिले सत्र संपेपर्यंतची हकीकत म्हणजे हे पुस्तक. ‘न्यू चम’ हा त्या जहाजावरील मुलांचा शब्द. आपण ‘नवखा’ म्हणू.

पुस्तकाचे गुण अजूनही आम्हांस मान्य आहेत, व ते नाकारून आजचे मत सजवावे असे आमच्या मनात नाही. नवख्याची थट्टा, त्याची फजिती, नव्या जगाची नवी भाषा, एकेका दोराचे एकेक नाव शिकताना उडणारी तारांबळ, पहिल्यांदा डोलकाठीवर चढताना हातापायांची होणारी गत, हे सारे त्याने इतक्या जवळून सांगितले आहे की, लिहिणारा सहासष्ट वर्षांचा राजकवी आहे हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. ज्याने आयुष्यात नाव वल्हविली नाही त्यासही दोराची गाठ हाताला कळावी, असे हे लेखन आहे. गाठी शिकविता शिकविता जुन्या समुद्रसफरींच्या गोष्टी सांगणारा वृद्ध खलाशी मेसफील्डला त्याच जहाजावर भेटला. वाचनाचे खूळ घालविण्यासाठी धाडलेल्या मुलाला कथा सांगण्याची दीक्षा तेथेच मिळावी, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्यास कृत्रिम म्हटले असते. त्याच शरद ऋतूत ‘वाँडरर’ नावाचे नवे कोरे जहाज पहिल्याच सफरीत वादळाने मोडून मर्सीत ओढून आणलेले त्याने पाहिले. ते दृश्य त्याच्या मनातून आयुष्यभर गेले नाही, आणि १९३० साली त्याने त्या एका जहाजावर एक सबंध पुस्तक लिहिले. डोळ्यांची अशी तयारी जी शाळा करून देते, ती वाया गेली असे कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट या पुस्तकाच्या हळुवारपणाचा उलगडा करते. ते प्रसिद्ध झाले १९४४ साली. लिव्हरपूलवर बाँब पडू लागल्यामुळे ‘कॉनवे’ला १९४१ साली मर्सीतून हलवून वेल्सच्या मेनाय सामुद्रधुनीत नेले होते. ज्या नदीत ती उभी असे ती जागा रिकामी, शहर उद्ध्वस्त, आणि शिडांची जहाजे तर केव्हाच गेलेली. अशा वेळी म्हाताऱ्या कवीने आपल्या तेराव्या वर्षाकडे पाहिले. पुढे १९५३ साली दुरुस्तीसाठी ओढून नेत असता ते जहाज त्याच सामुद्रधुनीत खडकांवर चढून मोडले. मेसफील्डला तेही पाहावे लागले. तात्पर्य, हे शाळेचे वर्णन नव्हे. हा शाळेचा निरोप आहे. निरोप घेताना कोणी उणीदुणी काढीत नाही, आणि वाचकाने हे विसरू नये. आम्ही विसरलो.

आता आमची तक्रार सांगतो. पुस्तक पहिल्या सत्राशी संपते. पुढे काय झाले? १८९४ साली मेसफील्ड ‘कॉनवे’तून निघाला व चार डोलकाठ्यांच्या एका जहाजावर उमेदवार म्हणून चिलीकडे गेला. केप हॉर्नच्या वादळांना वळसा घालून जहाज पोहोचले, परंतु मुलगा आजारी पडला. वाल्पारायसोच्या रुग्णालयात त्याचे दिवस गेले, आणि अखेर ‘विपन्न ब्रिटिश खलाशी’ या सरकारी सदराखाली त्यास मायदेशी पाठविण्यात आले. पुढच्या वर्षी घरच्यांच्या आग्रहाने तो पुन्हा निघाला. या वेळी न्यूयॉर्कला जहाज गाठावयाचे होते. न्यूयॉर्कला तो उतरला, पण जहाजावर गेला नाही. पळून गेला. गालिचे विणण्याच्या कारखान्यात त्याने मजुरी केली, आणि रात्री चॉसर, कीट्स वाचले. ज्या शाळेवर हे प्रेमळ पुस्तक लिहिले गेले, तिने घडवू पाहिलेला व्यवसाय त्याने वयाच्या सतराव्या वर्षी कायमचा सोडला होता, याची चाहूल पुस्तकात लागत नाही.

कोणी म्हणेल, लेखकाने एका सत्राची कथा सांगण्याचे ठरविले, तेवढीच सांगितली. जे सांगावयाचे ठरविले नाही ते सांगितले नाही म्हणून त्यास दोष देणे हे टीकाकाराचे काम नव्हे. सामान्यतः आम्हीही हेच म्हटले असते. परंतु शाळा ही गोष्ट अशी आहे की, तिचे मोल तिच्या दाराबाहेर ठरते. वैद्यकीच्या शाळेचे वर्णन रोग्यापाशी न जाता संपले तर ते अपुरे राहील. सागरशाळेची गोष्टही तशीच. नदीत नांगरलेल्या जहाजावर मुलगा गाठी उत्तम मारतो, पण त्या काळ्याकुट्ट रात्री, बर्फाने ताठलेल्या शिडावर, मळमळत्या पोटाने, त्यास मारता येतील काय, हा खरा प्रश्न. ‘न्यू चम’ त्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते आणि मागे वळून हात हालविते.

मेसफील्डने तो प्रश्न टाळला असेही नाही. त्याने तो दुसरीकडे सोडविला. १९१३ साली त्याचे ‘डॉबर’ हे दीर्घ कथाकाव्य निघाले. समुद्राचे खरे चित्र काढता यावे म्हणून जहाजावर नोकरी धरलेला एक तरुण चित्रकार, त्याची खलाशांनी केलेली क्रूर कुचेष्टा, त्याची भीती, केप हॉर्नला त्या भीतीवर त्याने मिळविलेला जय, आणि नंतर डोलकाठीवरून पडून त्याचा झालेला अंत, असे त्याचे कथानक. तेथे गोठलेल्या बोटांना दोर कसा लागतो हे आहे. आपण भित्रे ठरणार या भीतीने आतून पोखरलेला मुलगा आहे. वाल्पारायसोच्या रुग्णालयातील मुलाचे खरे आत्मचरित्र आम्हांस या काव्यात दिसते. स्वतःविषयी जे गद्यात, स्वतःच्या नावाने सांगवत नाही, ते माणूस पद्यात दुसऱ्याचे नाव घालून सांगतो, असे आमचे निरीक्षण आहे, आणि केवळ मेसफील्डपुरते ते नाही. ‘न्यू चम’ ज्याने वाचावे त्याने ‘डॉबर’ही वाचावे. आम्ही भाच्यास पहिलेच तेवढे दिले होते.

या ठिकाणी जोसेफ कॉनरॅडची आठवण अपरिहार्य आहे. कारण तो अगदी उलट वाटेने गेला. त्याने सागरशाळेचे तोंड पाहिले नाही. समुद्रापासून दूर जन्मलेला हा पोलिश मुलगा १८७४ साली, सतराही पुरी नसता, मार्सेयला गेला आणि फ्रेंच जहाजांवर चढला. १८७८ साली इंग्रजी जहाजावर आला तेव्हा इंग्रजी भाषा त्यास जेमतेम येत होती. त्याची शाळा म्हणजे जहाजाची पुढची बाजू व तेथील खलाशी. पण अधिकारी व्हावयाचे तर परीक्षा कोणास चुकत नाही. १८८० साली दुय्यम मेट, १८८४ साली पहिला मेट आणि १८८६ साली कप्तान, अशा तीन पायऱ्या तो चढला. ‘अ पर्सनल रेकॉर्ड’ (१९१२) या आठवणींच्या पुस्तकात त्याने या तीनही तोंडी परीक्षांचे जे वर्णन केले आहे त्यास तोड नाही. पहिला परीक्षक पांढऱ्या केसांचा, शांत, आणि सुमारे तीन तास प्रश्नांचा मारा न थांबविणारा. दुसरा त्यास एका काल्पनिक जहाजावर बसवून त्याच्यावर एकामागून एक संकटे लोटतो. नांगर गेले, किनारा जवळ आला, आता काय कराल? उमेदवाराने सारे उपाय सांगून हात टेकले, तेव्हा प्रार्थना करणे अजून शिल्लक आहे याची तो परीक्षक त्यास आठवण देतो. तिसरा गप्पिष्ट, त्यास परीक्षेपेक्षा स्वतःच्या जुन्या दिवसांत अधिक रस. तीन माणसे, तीन स्वभाव, आणि त्यांच्यासमोर एकच परदेशी तरुण, ज्याला आपण या धंद्याचे आहो असे कोणीतरी अधिकाराने सांगावे अशी भूक लागली आहे. मेसफील्डला जहाजाने पहिल्या दिवशीच गणवेश दिला. कॉनरॅडला तो बारा वर्षांनी मिळाला. त्याच्या पानांत जी धग आहे ती त्या बारा वर्षांची आहे.

पण येथेही एक गाळलेला मजकूर आहे. संशोधकांनी पुढे परीक्षांची दप्तरे उघडली, तेव्हा असे आढळले की, पहिल्या मेटच्या आणि कप्तानाच्या, दोन्ही परीक्षांत कॉनरॅड पहिल्या प्रयत्नात अनुत्तीर्ण झाला होता. आठवणींत त्याचा उल्लेख नाही. एक लेखक पळून गेल्याचे सांगत नाही, दुसरा नापास झाल्याचे सांगत नाही. दोघेही प्रामाणिक, दोघेही थोर, आणि दोघांनीही नेमका तोच मजकूर गाळला जो एखाद्या सतरा वर्षांच्या मुलास सर्वांत उपयोगी पडला असता. आमचा आरोप एवढाच. मात्र कॉनरॅडचा मोठेपणा असा की, शाळेवाचून वर आलेल्या माणसात शाळेविषयी जी तुच्छता सहसा आढळते ती त्याच्यात नव्हती. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी शिडाचे एक जहाज सज्ज करण्याच्या लिव्हरपूलमधील योजनेसाठी १९२० साली त्याने आस्थेने एक टिपण लिहून दिले, ते त्याच्या मृत्यूनंतर ‘लास्ट एसेज’मध्ये छापले आहे.

इंग्रजी पुस्तकांवर इतका वेळ घालविण्याचे कारण हे की, या विषयावर आमच्या भाच्याच्या हाती देण्याजोगे मराठी पुस्तक आमच्या कपाटात नव्हते. हे दारिद्र्य विचार करण्यासारखे आहे. कारण मुंबईच्या माझगाव बंदरात आमची स्वतःची ‘कॉनवे’ उभी होती. १९०४ साली फौजेची ने-आण करण्यासाठी बांधलेले ‘डफरिन’ हे जहाज १९२७ साली हिंदी मुलांचे शिक्षण-जहाज झाले. या शाळेचा अर्थ लिव्हरपूलच्या शाळेहून निराळा होता. रत्नागिरीकडचे तांडेल, सारंग आणि खलाशी, गोव्याचे आचारी व वाढपी, यांच्यावाचून विलायती कंपन्यांची जहाजे हालत नसत. पण जहाज चालविण्याची, म्हणजे अधिकाऱ्याची, जागा हिंदी माणसाला मिळत नसे. समुद्र आमच्या लोकांस परका नव्हता, फक्त जहाजाचा पूल परका होता. १९१९ च्या एप्रिलमध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून विलायतेस निघाली, आणि आपले जहाज असेल तर आपले अधिकारी का नसावेत, हा प्रश्न उघड झाला. ‘डफरिन’ हे त्या प्रश्नाचे उत्तर. तिच्या पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी हे पुढे, १९५८ साली, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्या आठवणी १९८२ साली पुस्तकरूपाने निघाल्या, त्या इंग्रजीत. ‘डफरिन’ १९७२ साली निवृत्त होऊन ‘राजेंद्र’ आली, आणि १९९३ पासून ती परंपरा नव्या मुंबईत ‘चाणक्य’ या नावाने जमिनीवर चालू आहे. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या दाराशी ही शाळा, तिच्यात कित्येक मराठी घरांतील मुले, आणि मराठीत ‘न्यू चम’च्या तोडीचे एकही पुस्तक आमच्या वाचनात येऊ नये! आमच्या वाङ्मयात समुद्र आहे, नाही असे नाही. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनला रचलेले गीत कोणास ठाऊक नाही? परंतु ते किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे गीत आहे; समुद्र त्यात मायभूमी आणि आपण यांच्यामध्ये पसरलेला आहे. कोकणच्या कथा-कादंबऱ्यांतही समुद्र बहुधा ओटीवरून दिसतो. पहाटे चार ते आठच्या पाळीत जहाजाच्या पुलावरून तो कसा दिसतो, हे मराठीत कोणी सांगावयाचे?

पुस्तके नाहीत, तेथे माहितीपत्रके त्यांची जागा घेतात. बहिणीने आणलेली अशी पाचसात पत्रके आम्ही टीकाकाराच्या नजरेने वाचली, आणि तोही एक वाङ्मयप्रकार आहे हे आमच्या ध्यानात आले. शुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्टे, निळे पाणी, आणि वेतनाचे आकडे डॉलरमध्ये. ‘न्यू चम’ पहिल्या सत्राशी थांबते; ही पत्रके तर थेट शेवटच्या पानापासून सुरू होतात. मधली पाने पालकांनी स्वतः शोधावयाची. बारावीला भौतिक, रसायन व गणित यांत साठ टक्के, इंग्रजीत पन्नास, ही अट छापलेली असते. २००८ साली स्थापन झालेल्या सागरी विद्यापीठाची सामायिक प्रवेशपरीक्षा असते, हेही असते. सुकाणूच्या बाजूस जावयाचे तर चष्म्यावाचून नजर निर्दोष हवी आणि लाल-हिरवा ओळखण्यात उणीव असेल तर मार्ग तेथेच बंद, हे बारीक अक्षरात. आणि वर्षाची पदविका घेतली तरी त्यानंतर अठरा महिने प्रत्यक्ष जहाजावर उमेदवारी केल्यावाचून दुय्यम मेटच्या परीक्षेस बसता येत नाही, व ती उमेदवारी देणारे जहाज मिळेलच असे नाही, ही गोष्ट आम्हांस एकाही पत्रकात सापडली नाही. शिक्षण पुरे करून जहाजाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली मुले घरोघर आहेत; त्यांच्याभोवती पैसे मागणारे दलाल फिरतात. एखाद्या कंपनीने मुलाची निवड आधीच केली आहे किंवा नाही, हा प्रश्न पहिला विचारावयाचा, गणवेशाचा नंतर. इतकी व्यवहाराची गोष्ट वाङ्मयाच्या मासिकात लिहिल्याबद्दल संपादक आम्हांस क्षमा करतील.

हे सारे आम्ही भाच्यापुढे ठेविले. मेसफील्डचे पलायन सांगितले, कॉनरॅडची दोन अपयशे सांगितली, ‘डॉबर’ वाचावयास दिले. बहिणीची अपेक्षा अशी की, आता तरी त्याचा विचार फिरेल. आमचीही, खरे सांगावयाचे तर, तशी थोडी अपेक्षा होती. आपण पेटविलेले आपणच विझवावे असे कोणास वाटत नाही? त्याने ‘डॉबर’ दोन दिवसांत वाचून परत दिले आणि एवढेच म्हणाला, “मामा, हा पडला ते वाईट झालं. पण पडायच्या आधी तो चढायला शिकला होता ना?” टीकाशास्त्राच्या दृष्टीने हे मत कच्चे आहे. त्याचे खंडन आम्हांस अद्याप जमलेले नाही.

तो गेला. नशिबाने कंपनीची निवड आधी झाली होती. वर्षभराचे शिक्षण संपवून गेल्या श्रावणात तो एका मालवाहू जहाजावर उमेदवार म्हणून चढला. हल्ली पत्रे विजेच्या वेगाने येतात, तरी त्याचे पहिले पत्र यावयास महिना लागला. त्यात लिहिले होते की, पहिले चार दिवस पोटात काही ठरले नाही. त्यानंतर तीन आठवडे तो रोज हातोडी घेऊन डेकवरचा गंज ठोकून काढीत आहे, मग रंग, मग पुढचा गंज. रात्री पुलावर उभे राहिले की दुसऱ्या जहाजाचे दिवे पाहून ते कोणत्या दिशेस चालले आहे हे ओळखावयास तो शिकला आहे, आणि त्यात अजून दोनदा चुकला आहे. शेवटी एक ओळ आमच्यासाठी होती: मामा, तुमच्या पुस्तकात गंज नव्हता.

ते पत्र कागदावर उतरवून आम्ही बहिणीकडे घेऊन गेलो. तिने ते दोनदा वाचले. चुकल्याची ओळ ती वाचील तेव्हा काय म्हणेल याची आम्हांस धास्ती होती. ती म्हणाली, “दादा, हातमोजे देतात का रे त्यांना? विचार बरं.” आम्ही विचारले आहे. उत्तर अजून यावयाचे आहे. जहाज सध्या हिंदी महासागरात आहे.